ऊन कडक, पॅनल जागेवर, तरी बॅटरी भरत नाही: दोष कुठे आणि कसा शोधायचा

आमचं शेत जुन्नर भागात. भोवती ऊस, आणि उसात बिबट्या. शेतीपंपाची लाईट तेव्हा काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री यायची. रात्रीची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारातच निघावं लागायचं. म्हणून खोपीवर एक लहान सोलर बसवलं: १०० वॅटचं पॅनल, १० अँपिअरचा साधा कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा आणि तिथून दिव्यांना देणारा डबा), ४० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची ॲसिडची बॅटरी, दोन बल्ब, बाहेर एक लहान दिवा आणि छोटा डीसी फॅन.

वर्षभर छान चाललं. मग दिवे साडेआठलाच मान टाकायला लागले. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. मी जुनी बदल्यात देऊन नवी आणली. चार दिवस उजेड पडला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दोष निघाला वळचणीखालच्या काळ्या टेपमध्ये. तिथं वायर नुसती पिळून जोडली होती आणि पावसाळ्यात ती आतून हिरवी पडली होती. दोन रुपयांच्या जॉइंटपायी मी धडधाकट बॅटरी घालवली. तेव्हापासून आसपासच्या दहा-बारा खोप्यांवर मीटर घेऊन फिरलो. खरोखर बॅटरी गेलेली तिघांचीच निघाली. बाकीच्यांची वायर, जॉइंट, सावली किंवा हिशेब चुकलेला.

म्हणून मीटर लावल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. पुढची रीत वायरिंगचा गंध नसलेल्यालाही जमते.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांचा पुरतो. त्याला काळी आणि लाल अशा दोन तारा असतात. काळी नेहमी ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल तार व्होल्ट मोजताना ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात. करंट मोजताना मात्र ती ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात घालायची आणि काम झालं की त्याच क्षणी परत व्होल्टच्या भोकात आणायची. हे विसरून मी एकदा मीटर थेट बॅटरीला लावला. भडका उडाला, लाल तारेचं टोक वितळून गेलं. करंटच्या भोकात तार असताना मीटर म्हणजे नुसता तारेचा तुकडाच असतो. बॅटरीला लावला की सरळ शॉर्ट.

बटण डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. पॅनल मोजताना २०० वर, कारण पॅनलचे व्होल्ट विसाच्या वर जातात.

सोबत एक स्क्रू ड्रायव्हर, टेप गुंडाळलेला पाना, थोडा खायचा सोडा, पॉलिश पेपर आणि पॅनल झाकायला गोणपाट. १२ व्होल्टचा माणसाला शॉक बसत नाही, पण लोखंडी पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर तो लाल होतो. अंगठी, कडं काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्यापाशी बिडी-काडी नको. आतलं पाणी म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

पहिलं माप: पहाटेची बॅटरी

सूर्य उगवण्याआधी, सगळे दिवे बंद करून तासभर तरी झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा धरू नका, टर्मिनलवरच मोजा.

साध्या ॲसिडच्या बॅटरीत १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे पाव राहिली. ११.८ म्हणजे रिकामी. रोज अर्ध्याखाली जाणारी बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि रिकामी होऊन तशीच आठवडाभर पडलेली बॅटरी बहुधा परत उभी राहत नाही.

आकडा १०.५ च्या आसपास असेल तर थांबा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. भरपूर चार्ज करूनही ती १०.५ वरच येऊन बसत असेल, तर एक कप्पा आतून शॉर्ट झालाय. तिच्यासाठी नवी बॅटरी हाच इलाज.

दुसरं माप: दुपारी, कंट्रोलरपाशी

स्वच्छ उन्हात, अकरा ते दोनच्या दरम्यान. दिवे-फॅन बंद ठेवा. दोन ठिकाणी मोजायचं: कंट्रोलरवर पॅनलच्या तारा येतात त्या स्क्रूंवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर.

इथं नवीन माणूस हमखास फसतो. पॅनलच्या मागच्या पट्टीवर १८ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मीटर दाखवतो १३.४. मग ‘पॅनल कमी देतंय’ म्हणून ओरड. साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर चार्ज करताना पॅनलला सरळ बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनलचे व्होल्ट खाली ओढले जाऊन बॅटरीच्या जवळपास येतात. तेव्हा १३.४ हे आजारपण नाही, काम चालू असल्याची खूण आहे.

उलट बॅटरी १२.३ वर उपाशी आणि पॅनलच्या स्क्रूंवर २० व्होल्ट, असं दिसलं तर पॅनल द्यायला तयार आहे पण कंट्रोलर घेत नाही. एक तर कंट्रोलर गेलाय, किंवा कंट्रोलर ते बॅटरी ही वायर, फ्यूज किंवा टर्मिनल तुटलंय. आधी फ्यूज बघा. मग कंट्रोलरच्या बॅटरीच्या स्क्रूंवर मोजा आणि लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. चार्जिंग चालू असताना ०.२ व्होल्टच्या वर फरक दिसला तर तेवढ्या अंतरातच गाठ आहे.

पॅनलच्या स्क्रूंवर शून्य असेल तर पॅनलकडून येणारी वायर तुटलीय. शून्याऐवजी वजा आकडा आला आणि मीटरची लाल तार अधिकवरच असेल, तर तारा उलट्या लागल्यात.

बॅटरी १४.४ च्या आसपास जाऊन मग १३.७ वर उतरली असेल तर चार्जिंग पूर्ण झालंय. तरी रात्री दिवे टिकत नसतील तर बॅटरीच्या भागाकडे जा.

कंट्रोलरच्या खोड्या

जोडायचा क्रम पाठ करा: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना उलटं. बरेच कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतात की आपण १२ व्होल्टवर आहोत की २४ वर. आधी पॅनल जोडलं तर वीसच्या वरचे व्होल्ट बघून तो गोंधळतो, कधी जळतोही. उन्हात तारा काढायच्या असतील तर आधी पॅनलवर गोणपाट टाका. भर उन्हात चालू करंटवर पॅनलचे एमसी-४ कनेक्टर ओढले तर डीसीची ठिणगी लांबते आणि कनेक्टर आतून काळा होतो.

दिवसा दिवा लावून पाहिला, लागला नाही, म्हणून कंट्रोलर फेकून देणारे मी पाहिलेत. बऱ्याच कंट्रोलरना अंधार पडल्यावरच दिवे चालू करायची सोय असते. बटण चुकून दाबलं जाऊन तो त्या सेटिंगवर जातो. सोबतचा कागद काढून २४ तासांचं सेटिंग लावून बघा. बॅटरीचा प्रकारही तिथेच निवडायचा असतो. पाणी घालायची, सीलबंद, जेल असे पर्याय असतात. चुकीचा निवडला तर बॅटरी अर्धपोटी राहते किंवा उकळते.

कंट्रोलर साधारण ११ व्होल्टच्या आसपास दिवे तोडतो आणि १२.६ च्या आसपास गेल्यावरच परत जोडतो. ढगाळ सकाळी दिवे ‘लागतच नाहीत’ याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

टीव्हीसाठी बसवलेला छोटा इन्व्हर्टर लोक सरळ बॅटरीच्या टर्मिनलला लावतात. लावावाच लागतो, कारण कंट्रोलरच्या दिव्यांच्या स्क्रूंना तो करंट झेपत नाही. पण मग कंट्रोलरची राखण संपली. स्वस्त इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टपर्यंत बॅटरी चोखतो, आणि टीव्ही बंद असला तरी स्वतःसाठी थोडं खातच राहतो. वापर झाला की इन्व्हर्टरचंच बटण बंद करायचं.

पॅनल खरंच देतंय का

कंट्रोलरकडून पॅनलच्या दोन्ही तारा सोडवून घ्या (गोणपाट टाकून), मग गोणपाट काढून मोकळ्या तारांवर व्होल्ट मोजा. ३६ सेलच्या १२ व्होल्टच्या पॅनलला २१-२२ अपेक्षित. वैशाखात पॅनल तापून १९-२० दाखवेल, तेही ठीक.

पण व्होल्टवर भाळू नका. ढगाळ हवेतही पॅनल १९ दाखवतं आणि द्यायला त्याच्याकडे काही नसतं. पाईपला प्रेशर आहे पण पाणी थेंबभर, तसं. म्हणून करंट मोजायचा. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात, बटण १० अँपिअरवर, आणि दोन्ही टोकं पॅनलच्या मोकळ्या तारांना. पॅनल असं शॉर्ट केलं तरी बिघडत नाही. बॅटरीला मात्र हे कधीही करायचं नाही. दहा सेकंदांत आकडा वाचा, गोणपाट टाका, तार जागेवर आणा.

१०० वॅटच्या पॅनलच्या पट्टीवर शॉर्ट सर्किट करंट साधारण ६ अँपिअर लिहिलेला असतो. भर दुपारी साडेचार-पाच अँपिअरच्या वर मिळाला तर पॅनल निर्दोष. दोन-अडीच मिळाला तर आधी धुवा. आमच्याकडे फडात पाचट पेटवलं की काळी काजळी मैलभर उडते आणि पॅनलवर चिकटते. सकाळी थंड असताना मऊ फडक्यानं पुसा. तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी ओतू नका, आणि क्षाराचं पाणी काचेवर वाळू देऊ नका.

धुऊनही आकडा तसाच असेल तर पॅनलचं माप घ्या. खरं १०० वॅटचं पॅनल साधारण एक मीटर लांब आणि दोन फुटांहून थोडं जास्त रुंद असतं. बाजारात ‘१०० वॅट’ची चिठ्ठी लावलेली त्याच्या निम्म्या आकाराची पॅनलंही मिळतात. तेवढ्या काचेतून तेवढी वीज निघत नाही.

आणि सावली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर शेवग्याची फांदी पडली तर ‘एवढ्याशानं काय होतंय’ असं वाटतं. पण सेल एकामागे एक ओवलेले असतात. एक झाकला की त्याची अर्धी माळ बाद होते. उरलेल्या अर्ध्या माळेचे व्होल्ट नऊ-दहा, आणि तेवढ्यानं १२ व्होल्टच्या बॅटरीत काहीच शिरत नाही. चार बोटं सावली आणि चार्जिंग जवळजवळ शून्य. उन्हाळ्यात बसवलेल्या पॅनलला हे हमखास भोवतं. मेच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही ४७ अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेकडच्या झाडाची सावली थेट खोपीवर. तोंड दक्षिणेला आणि कल वीसेक अंशांचा ठेवलात तरी डिसेंबरातली झाडाची सावली आधीच डोळ्यासमोर आणा.

वायर आणि जॉइंट

इथं वेळ घालवा. माझ्या पाहण्यातले सगळ्यात जास्त दोष इथेच सापडले.

पॅनल छपरावर आणि बॅटरी २० मीटरवर असेल, तर करंट जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यातून फिरतो. घरगुती वायरिंगची एक स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर साडेपाच अँपिअरला तिच्यात सुमारे चार व्होल्ट मुरतात. अडीचच्या वायरमध्ये दीडच्या जरा वर, चारच्या वायरमध्ये एकच्या आसपास. पॅनलकडे हिवाळ्यात १८ व्होल्ट असतात, बॅटरीला हवेत साडेचौदा; साडेतीन व्होल्टची शिल्लक. उन्हाळ्यात पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापलं की १८ चे १५-साडेपंधरा होतात आणि शिल्लक उरते एखादा व्होल्ट. बारीक वायर तीही खाऊन टाकते. ‘एवढं ऊन असून मे महिन्यात चार्जिंग कमी’ हे कोडं इथं सुटतं. बॅटरी शक्य तितकी पॅनलजवळ आणा. नाहीच जमलं तर वायर जाड करा.

जॉइंट तपासायची युक्ती सोपी. दुपारी चार्जिंग चालू असताना मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक जॉइंटच्या अलीकडे आणि एक पलीकडे, एकाच वायरवर लावा. चांगल्या जॉइंटवर जवळपास शून्य दिसेल. ०.५ व्होल्ट दिसले तर साडेपाच अँपिअरला तो जॉइंट पावणेतीन वॅट उष्णता करतोय. हात लावा, गरम लागेल. आमच्या वळचणीतल्या जॉइंटवर मला दोन व्होल्ट सापडले होते. म्हणजे मीटर चार महिने आधी आणला असता तर बरं झालं असतं.

पिळून टेप मारणं बंद करा. वायर सोलून टोकाला लग (धातूची टोपी) प्रेस करून घ्या, नाहीतर चांगला कनेक्टर लावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर बॅटरीच्या तारा सोडवून सोड्याच्या पाण्यानं धुवा. ते पाणी कप्प्यात जाऊ देऊ नका. झाकणं घट्ट हवीत. मग कोरडं करून, पॉलिश पेपरनं घासून, आवळून वर व्हॅसलीनचा हात. आणि बॅटरीच्या अधिक टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज टाका. उंदरानं वायर कुरतडली तर तोच खोप वाचवतो.

बॅटरीवर आळ घेण्याआधी

बॅटरी खरंच थकल्याची एक खूण पक्की आहे: पहाटे रिकामी होती, आणि सकाळी दहालाच कंट्रोलर म्हणतो ‘फुल्ल’. प्लेटांवर सल्फेटचा थर बसला की बॅटरीत जागाच उरत नाही. थोडा करंट गेला की व्होल्ट धाडकन १४.४ ला जातात आणि संध्याकाळी अर्ध्या तासात खाली येतात. ‘चार्ज धरत नाही’ म्हणतात ते हेच.

खात्री करायची तर बॅटरी पूर्ण भरून, दोन-तीन तास मोकळी ठेवून, मग ३ अँपिअरचा भार लावा, म्हणजे साधारण ३६ वॅटचे दिवे-फॅन. दहा मिनिटांनी मोजा. ४० एएचची निरोगी बॅटरी १२.३-१२.४ च्या खाली जात नाही. ११.५ ला आली तर तिचे दिवस भरले.

पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी) सहाही कप्प्यांत बुडवून बघा. भरलेल्या ट्यूब्युलरला १२४० च्या आसपास येतो. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, दोन दिवस नीट चार्ज करा. पाच सारखे आणि सहावा ५० नं कमी असेल तर तो कप्पा गेलाय. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंत. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकं घाला, मग चार्ज करा. नळाचं, बोअरचं, आरओचं काहीही नको.

लिथियमची, म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी असेल तर वरचे पहाटेचे आकडे विसरा. ती जवळजवळ संपेपर्यंत १३ च्या आसपास दाखवते. अचानक शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसले तर आतल्या बीएमएसनं (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटनं) तिला तोडलंय, मेलेली नाही. लिथियमच्या चार्जरनं जागी करा. कंट्रोलरवर लिथियमचं सेटिंग नसेल तर तो बदला.

सगळं ठीक, तरी दिवे टिकत नाहीत

मग वही काढा. १०० वॅटचं पॅनल स्वच्छ दिवशी दुपारी पाच-साडेपाच अँपिअर देतं. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन धरून दिवसाचं ऊन भर दुपारच्या पाचेक तासांएवढं भरतं. म्हणजे २५ एएच. चार्ज होताना काही वाया जातं, हाती २० एएच, म्हणजे २४० वॅट-तास.

आता खर्च. ९ वॅटचे दोन बल्ब पाच तास: ९०. बाहेरचा ५ वॅटचा दिवा रात्रभर अकरा तास: ५५. २० वॅटचा फॅन सहा तास: १२०. दोन मोबाईल: ३०. बेरीज २९५. रोज ५५ ची तूट. ती पहिल्या दिवशी कळत नाही. रोज साडेचार एएच कमी होत चार-पाच दिवसांत बॅटरी अर्ध्यावर येते आणि मग लोक म्हणतात, ‘परवापर्यंत चांगली होती.’ माझी नवी बॅटरी पाचव्या दिवशी झोपली, त्यात जॉइंटबरोबर या तुटीचाही वाटा होता. बाहेरच्या दिव्याला हालचाल दिसल्यावर लागणारा सेन्सर लावला. माणूस असो वा बिबट्या, दिवा लागतो. फॅनचे दोन तास कमी केले.

पावसाळ्याचा हिशेब वेगळाच. सलग झड लागली की पॅनल नेहमीच्या चौथाईवर येतं. तेव्हा फॅन बंद, एकच बल्ब, आणि आठवड्यातून एकदा बॅटरी गावात नेऊन चार्जरवर पूर्ण भरून आणायची.

सगळं सुरळीत चालू असेल त्या दिवशीही एकदा मापं घ्या आणि जवळच कुठेतरी लिहून ठेवा. माझ्या बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूनं लिहिलंय: पहाटे १२.५. दुपारी पॅनलच्या स्क्रूवर १३.९, बॅटरीवर १३.६. पॅनल मोकळं २०.४. करंट ५.२. वळचणीचा जॉइंट ०.०१. काही बिघडलं की आधी झाकण उघडतो, आणि सहापैकी कोणता आकडा हललाय ते बघतो.